‘गॅस भरावा लागेल’: कॅराव्हॅनमधल्या एका फ्रिजचं प्रकरण

पार्श्वभूमी

नावं बदलली आहेत. कर्वेनगरचे आबा चिंचवडच्या एका कारखान्यातून, टूलरूममधून निवृत्त झाले आणि टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली एक जुनी कॅराव्हॅन त्यांनी विकत घेतली. घरात पत्नी माई, मुलगा मंदार, सून आणि नात. माईंना रोज इन्सुलिन लागतं, त्यामुळे गाडी बघायला गेल्यावर पहिली चौकशी फ्रिजची झाली. विकणाऱ्याने दार उघडून दाखवलं, आत छान बर्फ होता. जानेवारीतली सकाळ, गाडी घरच्या विजेवर जोडलेली. सौदा तिथेच ठरला.

फ्रिज ९० लिटरचा, युरोपातून आलेला आणि तीन तऱ्हांनी चालणारा: २३० व्होल्टची वीज, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी किंवा एलपीजी. याला कॉम्प्रेसर नसतो. मागच्या नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. खाली बॉयलर तापला की पाण्यातला अमोनिया वाफ होऊन वर चढतो, वरच्या पंख्यांमध्ये (म्हणजे नळीवर बसवलेल्या पातळ पत्र्यांमध्ये) उष्णता सोडून द्रव होतो, मग फ्रीजरच्या नळीत हायड्रोजनच्या संगतीने पुन्हा वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतो, आणि शेवटी खाली पाण्यात विरघळतो. पंप नाही, मोटर नाही, द्रव सगळा उतारानेच वाहतो. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना शोधली, आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्सने ती बाजारात आणली. हॉटेलच्या खोलीतला आवाज न करणारा छोटा फ्रिज बहुधा याच जातीचा असतो, आणि पूर्वी आरोग्य केंद्रांत लशींसाठी असायचे ते रॉकेलवरचे फ्रिजही.

वीज, बॅटरी आणि गॅस तिघांचं काम एकच, बॉयलर तापवणं. त्यापुढची सगळी वाट तिघांना सामाईक आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं निदान सोपं होतं. या कुटुंबाला ती सुरुवातीला कोणी सांगितली नव्हती.

अडचण

जानेवारीअखेरीस वाई-मेणवलीची फेरी झाली. फ्रिज उत्तम चालला. फक्त सातारा रस्त्यावर नाश्त्याला थांबले असताना तो १२ व्होल्टवरच राहिला आणि गाडी धक्का मारून सुरू करावी लागली. ‘बॅटरी जुनी असेल’ म्हणून विषय तिथेच संपला.

एप्रिलमध्ये सगळे ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघाले. निघायच्या सकाळी फ्रिज चालू केला आणि लगेच भरला: दूध, श्रीखंड, कैरीच्या पन्ह्याच्या बाटल्या, कोथिंबीर, माईंची इन्सुलिनची पेनं. सगळं खोलीच्या तापमानाचं. वाटेत मुळशीजवळ गाडी थांबवून गॅसवर लावला. ज्योत पेटली, पण जेवण होईपर्यंत आतली बाटली होती तशीच. दिवेआगरला एका वाडीत मुक्काम होता, तिथे यजमानांकडून लांब एक्स्टेन्शन ओढून फ्रिज विजेवर लावला. संध्याकाळी आत १६ अंश, दुसऱ्या दिवशी दुपारी १४. श्रीखंड आंबलं. ‘बाबा, आईची औषधं आधी बाहेर काढू’ एवढंच म्हणून मंदारने पेनं यजमानांच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवली. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. त्या सहलीतला हा एकमेव निर्णय वेळेवर झाला.

पुण्यात परतल्यावर सोसायटीत नेहमी येणाऱ्या फ्रिज मेकॅनिकला बोलावलं. त्याने मागे हात लावून पाहिला. नळी गरम, आवाज कसलाच नाही. ‘काका, गॅस गेलाय. कापून, वेल्डिंग करून भरावा लागेल.’ घरगुती फ्रिजच्या बाबतीत हे निदान बऱ्याचदा बरोबर निघतं. इथे मात्र भरायला व्हॉल्व्हच नसतो. आत दाबाखाली अमोनिया आणि हायड्रोजन, शिवाय नळ्या आतून गंजू नयेत म्हणून घातलेलं क्रोमेट, आणि ते विषारी. असा संच गल्लीत कापणं म्हणजे जिवाशी खेळ. सुदैवाने मेकॅनिक ‘परवा सामान घेऊन येतो’ म्हणून गेला, आणि मधल्या दिवशी आबांनी मला फोन केला.

समोर असलेले पर्याय

मंदारचा कल स्पष्ट होता: हा फ्रिज काढून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवायचा. म्हणणं चुकीचं नव्हतं. कॉम्प्रेसर फ्रिज उतारावर कुरकुर करत नाही, उन्हाळ्यात टिकतो आणि वीज कमी खातो. पण तो चालवायला मोठी बॅटरी आणि छतावर सोलर पॅनल हवेत, आणि सगळं मिळून आलेलं कोटेशन लाखाच्या पुढचं होतं.

दुसरा पर्याय इंटरनेटवरचा जुना तोडगा: फ्रिज काढून दिवसभर उलटा ठेवायचा, म्हणजे आत अडलेला द्रव मोकळा होतो. कधीकधी याने गुणही येतो. पण कूलिंग युनिट (म्हणजे मागचा नळ्यांचा बंद संच) खरंच अडलंय का, हे ठरायच्या आधी तो करण्यात अर्थ नव्हता. तिसरा पर्याय सुनेचा: फ्रिजचं कपाट करून टाका आणि बर्फाची पेटी न्या. तिच्या बोलण्यात चेष्टा होती, तरी एका रात्रीच्या सहलीसाठी मला तो आजही वाईट वाटत नाही.

चौथा पर्याय आधी तपासण्याचा. माझं म्हणणं एवढंच होतं की हा फ्रिज मेलाय की त्याचं कोणीतरी नाक दाबलंय, हे एका रात्रीत आणि एका दुपारीत कळेल. तोवर पैसे खर्च करू नका आणि काही कापू देऊ नका. आबा लगेच तयार झाले. मंदारला पुढच्या शनिवार-रविवारच्या आत सगळं एकदम दुरुस्त करून हवं होतं. त्यावर बापलेकांची थोडी झटापट झाली.

पहिली तपासणी: विजेवर, घरी, सपाट

सोसायटीच्या पार्किंगची फरशी सपाट दिसते, पण पावसाचं पाणी नालीकडे जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. आबांनी फ्रीजरच्या तळावर पाणसळ ठेवली तर बुडबुडा पार एका टोकाला. अशा फ्रिजला उभ्या गाडीत आडव्या दिशेने साधारण ३ अंशांहून जास्त कल चालत नाही. द्रव कोपऱ्यात अडून राहतो आणि बॉयलर नुसता तापत बसतो. असं बरेच दिवस चाललं तर आत कायमचा अडथळा तयार होतो, आणि मग फ्रिज खरोखरच जातो. चालत्या गाडीत द्रव हिंदकळत राहतो, म्हणून तिथे एवढी चिंता नसते. घाटात नाही, मुक्कामाच्या जागी सांभाळायचं. डाव्या चाकांखाली फळकुटं देऊन गाडी सपाट केली.

मग मल्टीमीटरने सॉकेटवर व्होल्टेज पाहिलं, २२८. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि थर्मामीटर हवेत न टांगता एका बाटलीतल्या पाण्यात ठेवला. हवेचं तापमान दार उघडलं की बदलतं, पाण्याचं एवढ्या लवकर बदलत नाही. रात्रभर दार उघडायचं नाही असं ठरलं.

सकाळी पाणी ५ अंशांवर होतं. म्हणजे युनिट जिवंत, आणि ‘गॅस गेलाय’ हा विषय संपला. दुपारी तीनला, बाहेर सावलीत ३८ असताना, तेच पाणी १२ वर गेलं. रात्री चालतो आणि दुपारी हरतो, म्हणजे उष्णता तयार होतेय पण बाहेर पडत नाहीये.

दिवेआगरचं कोडंही इथेच सुटलं. तिथे मंदारने गंमत म्हणून मोबाइलवर काढलेल्या एका फोटोत एक्स्टेन्शनच्या बोर्डावरचा मीटर दिसत होता: १८५ व्होल्ट. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टवर १३५ वॅट देणारा हीटर १८५ वर जेमतेम ८७ देतो. घरचा फ्रिज कमी व्होल्टेजवर आवाज करून तक्रार करतो. हा निमूटपणे कमी काम करतो, आणि माणसाला वाटतं ‘विजेवर पण चालत नाही, म्हणजे गेलाच’.

फ्रिजच्या दारामागे एक पाटी असते. तिच्यावर ‘एसएन’ ही अक्षरं होती. ती हवामानाचा वर्ग सांगतात: एसएन म्हणजे १० ते ३२ अंशांच्या भोवतालासाठी. भर उन्हाळ्याला पुरेल असा वर्ग ‘टी’, ४३ पर्यंतचा. गाडी घेताना ही पाटी कोणी वाचली नव्हती. वाचली असती तरी सौदा मोडला असता असं नाही, पण अपेक्षा वेगळ्या राहिल्या असत्या.

पाठीमागची हवा

गाडीच्या बाहेरच्या अंगाला फ्रिजसाठी दोन झरोके असतात, एक खाली, एक वर. खालून थंड हवा आत, वरून गरम बाहेर. माईंनी देवघरातली उदबत्ती आणून दिली. फ्रिज तासभर चालू ठेवून ती खालच्या झरोक्यासमोर धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो झरोक्यापाशी घुटमळला आणि सरळ वर गेला.

खालचा झरोका उघडला तर आत डासांची बारीक जाळी, आणि तिच्यावर धूळ, पिसं आणि गुलमोहराच्या वाळक्या पाकळ्यांचा थर. त्याहून मोठी चूक बांधणीतच होती. फ्रिजची पाठ आणि गाडीची भिंत यांच्यात तीन इंचांची मोकळी जागा. जास्त जागा म्हणजे जास्त हवा असं वाटतं, पण इथे उलटं होतं. हवा भिंतीच्या कडेने निघून जाते आणि नळ्यांना शिवतही नाही. अंतर इंचभर असलं की ती नळ्यांमधूनच जाते. शिवाय वरचा झरोका कंडेन्सरच्या (म्हणजे उष्णता सोडणाऱ्या वरच्या नळीच्या) पंख्यांपेक्षा खाली बसवलेला, त्यामुळे गरम हवेचा गोळा वरच्या कोपऱ्यात अडकून राहायचा. चूल पेटवून धुराडं बुजवावं तशी गत.

इथला निर्णय अवघड होता. वरचा झरोका उंच करायचा तर गाडीचा बाहेरचा पत्रा कापावा लागला असता, आणि पावसाळ्यात पाणी आत यायची भीती. आबांनी कापाकापी टाळली. भोसरीतून ॲल्युमिनियमचा पत्रा आणून त्याला बाक दिला आणि वरची हवा झरोक्याकडे वळेल अशी आडभिंत केली, मागची पोकळी इंचभरावर आणली, जाळी जाड छिद्रांची लावली आणि १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे थर्मोस्टॅटवर जोडले. उदबत्ती पुन्हा धरली. या वेळी धूर दोरा ओढल्यासारखा आत गेला.

पुढच्या दुपारी, जवळपास तेवढ्याच उन्हात, पाणी १२ ऐवजी ८ अंशांवर थांबलं. पत्रा आणि पंखे एकाच दिवशी बसवले. त्यामुळे चार अंशांतले किती पत्र्याचे आणि किती पंख्यांचे, हे कधीच कळणार नाही. मंदारची घाई इथे जिंकली.

गॅसची बाजू

हे काम परवानाधारक गॅस फिटरकडून, गाडी उघड्यावर उभी करून झालं. तिथे निघालेल्या गोष्टींपुढे थंडाव्याचा प्रश्न मला किरकोळ वाटला.

बर्नरची ज्योत निळी हवी, ती पिवळी होती आणि वरच्या चिमणीत काजळी साचलेली. बर्नर काढून पालथा केला तर हवेच्या तोंडातून वाळलेल्या चिखलाचा खडा पडला. कुंभारीण माशीचं घर. जानेवारी ते एप्रिल गाडी उभी होती, तेवढ्यात तिने मोक्याची जागा धरली. जेट (म्हणजे गॅस सोडणारं बारीक छिद्राचं तोंड) स्पिरिटमध्ये भिजवून, हवेच्या फुंकरीने साफ केला. त्यात सुई घालायची नाही. छिद्र केसभर जरी मोठं झालं तरी ज्योतीचं गणित बिघडतं.

दुसरी गोष्ट रेग्युलेटर. कोणीतरी भट्टीचा, दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर लावून ठेवला होता. फ्रिजच्या पाटीवर दाब ३० मिलिबार होता, आणि आपल्या घरगुती रेग्युलेटरचा ठरलेला दाब ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच. हा दाब म्हणजे बरोबर ३० सेंटिमीटर पाण्याची उंची. आबांनी प्लायवूडच्या फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’सारखी ठोकून, शेजारी मोजपट्टी चिकटवून दाबमापक करून ठेवला होता. टूलरूममधला माणूस, गप्प बसवत नाही. जुना रेग्युलेटर जोडताच नळीतलं पाणी फवाऱ्यासारखं बाहेर उडालं. नवा जोडल्यावर दोन बाजूंतला फरक तिसाच्या रेषेशी येऊन स्थिरावला. फिटर म्हणाला, ‘काका, ही फळी मला देऊन टाका.’

तिसरी गोष्ट सिलिंडरच्या जागेची. तो आतल्या बाकाखाली होता आणि तिथे तळाला भोकच नव्हतं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. सिलिंडरची पेटी आतून बंद आणि बाहेरून उघडणारी हवी, आणि तळाशी बाहेर जाणारं मोकळं भोक हवं. तशी ती करून घेतली. १४.२ किलोची घरगुती टाकी गाडीत न ठेवता ५ किलोचा, खुल्या विक्रीतला सिलिंडर घेतला. असा फ्रिज दिवसाला पाव किलोच्या आसपास गॅस खातो, म्हणजे नुसत्या फ्रिजसाठी तो पंधरवडाभर सहज पुरतो.

चौथी सगळ्यांत गंभीर. फ्रिजची पाठ राहत्या जागेपासून पूर्ण बंद हवी, कारण तिथे ज्योत जळते. या गाडीत ओट्याखाली दोन बोटांची फट होती. पिवळी, काजळी धरणारी ज्योत, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि त्या फटीपासून हातभर अंतरावर नातीचा पलंग. मुळशीला जेवणापुरताच गॅस चालला आणि दिवेआगरला रात्रभर वीज होती, म्हणून काही झालं नाही. फट आग न धरणाऱ्या पट्टीने बुजवली, चिमणीची बाजू तपासली आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाच्या उंचीवर लावला.

१२ व्होल्टचं काम लवकर आटोपलं. १३० वॅट म्हणजे साधारण ११ अँपिअर. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, ते साडेचार तासांत संपतात. इंजिन चालू असेल तरच फ्रिजला वीज जाईल असा रिले बसवला आणि वायर जाड केली. वाईचं कोडं इथे सुटलं, दोष एकट्या बॅटरीचा नव्हता.

निष्पत्ती

मे महिन्यात पाचगणी. आदल्या संध्याकाळी रिकामा फ्रिज घरच्या विजेवर लावला आणि सकाळी घरच्या फ्रिजमध्ये आधीच गार केलेलं सामान भरलं. घाटात १२ व्होल्टवर. वाटेत पेट्रोल पंपावर शिरण्याआधी गॅसची चावी बंद असल्याचं बघायचं काम नातीला दिलं, आणि ती ते फार कडकपणे करते. मुक्कामी गाडी सपाट करून गॅसवर. तिथली उंची १,२०० मीटरच्या वर, हवा विरळ, त्यामुळे ज्योत पहिल्या झटक्यात धरेना. बटण दाबून ठेवून, थर्मोकपल (ज्योत पेटली आहे हे ओळखणारा भाग) तापेपर्यंत धीर धरून पुन्हा पुन्हा पेटवावी लागली. रात्रभर आत ४ ते ६ अंश.

त्यानंतरच्या दिवेआगरच्या फेरीत मात्र दुपारी पाणी ९-१० वर गेलंच. यापेक्षा जास्त या फ्रिजकडून त्या हवेत मिळणार नाही, हे आबांनी मान्य केलं आहे. दूध-दही दुपारी बाहेरून आणायचं आणि गाडीची फ्रिजची बाजू पश्चिमेच्या उन्हात उभी करायची नाही, असा घरचा नियम झाला.

इन्सुलिन या फ्रिजमधून कायमचं बाहेर गेलं. डॉक्टरांशी बोलून चालू पेन वेगळं, आणि न उघडलेली पेनं एका लहान १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसर पेटीत. मंदारचा मुद्दा असा लहान आकारात शेवटी मान्य झाला.

वेगळं काय करता आलं असतं

गाडी बघायला जाताना दुपार निवडायला हवी होती आणि फ्रिज विजेवर नव्हे तर गॅसवर, किमान चार तास चाललेला पाहायला हवा होता. थंड सकाळी विजेवर कोणताही असा फ्रिज चांगलाच दिसतो. ज्योतीचा रंग बघायला झरोका उघडणं पुरेसं असतं, पाच मिनिटांचं काम.

तपासणीचा क्रम मला अजून खटकतो. आपण थंडाव्यापासून सुरुवात केली कारण तक्रार थंडाव्याची होती. गॅसची गळती, फट आणि सिलिंडरची जागा हे आधी पाहायला हवं होतं, फ्रिज चालो न चालो. घरच्यांना हे नंतर पटलं. पण अशा गाड्यांत बहुतेक जण याच क्रमाने जातात, कारण कोमट दूध लगेच कळतं आणि फट दिसत नाही.

मेकॅनिकला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याच्यापुढे आयुष्यभर कॉम्प्रेसरचे फ्रिज आले. ‘हा कशावर चालतो’ एवढं विचारून तो थांबला असता तर बरं झालं असतं, आणि तेवढं त्याला आधी सांगणं मालकाच्या हातात होतं.

कॉम्प्रेसर फ्रिजचा प्रश्न मिटलेला नाही, पुढे ढकलला आहे. मागे पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा झोंबणारा वास आला, तर युनिट फुटलं असं समजून गॅस आणि वीज बंद करायची, खिडक्या उघडायच्या आणि त्यावर आणखी खर्च करायचा नाही, असं बापलेकांत ठरलं आहे. तोवर पावसाळ्यात गाडी उभी असताना दार चार बोटं उघडं, झरोक्यांवर बाहेरून झाकण, आणि गणपतीनंतर फिटर येऊन बर्नर उघडून जाणार.